तेच ताट, नवं प्रमाण

‘उद्यापासून नीट खायचं’ हा ठराव आपल्या घरांत बहुधा रक्ततपासणीचा कागद हातात पडल्याच्या संध्याकाळी मंजूर होतो. साखर काठावर आलेली असते, कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि डॉक्टरांनी ‘खाण्याकडे जरा बघा’ एवढंच सांगितलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ओट्सचं पाकीट, बिनसाखरेची बिस्किटं आणि एक महागडं तेल घरी येतं. आठवडाभर एका माणसासाठी वेगळं पातेलं चढतं. बाकीचे नेहमीचं जेवतात. महिन्याभरात ओट्सचं पाकीट फडताळाच्या मागच्या रांगेत जातं आणि घर पूर्वपदावर येतं. मग त्या माणसाच्या इच्छाशक्तीला नावं ठेवली जातात. खरं तर योजनाच चुकलेली असते. एका घरात दोन स्वयंपाक फार दिवस चालत नाहीत. शेगडीवर जागा नसते, सकाळी वेळ नसतो आणि रांधणाऱ्या बाईला दोनच हात असतात.

हे पुस्तक त्या दुसऱ्या पातेल्याच्या विरोधात लिहिलं आहे. ज्या घरात आजोबांना मधुमेह आहे, सुनेचं हिमोग्लोबिन खाली आहे, मुलाचं वजन वाढतंय आणि मुलगी डब्यातली भाजी परत आणते, त्या घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक करून सगळ्यांचं भलं कसं साधायचं, हा त्याचा विषय. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: मराठी ताटात जे हवं ते सगळं आहे, बिघडलं आहे ते प्रमाण. वरण, भात, पोळी, भाजी, उसळ, कोशिंबीर, ताक यांतलं काहीही हद्दपार करायची गरज नाही. कुणी किती जागा घ्यायची, एवढंच नव्याने ठरवायचं आहे.

हे ठरवण्याची निकड किती आहे ते दोन आकड्यांवरून कळावं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे 2023 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. दुसरीकडे, 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि त्याच पाहणीत जवळपास चौथा हिस्सा स्त्रियांचं वजन जास्त भरलं. म्हणजे पोट भरलेलं आहे, अंग सुटलेलं आहे आणि रक्तात लोह मात्र नाही, हे सगळं एकाच बाईच्या बाबतीत एकाच वेळी खरं असू शकतं. तिला ‘कमी खा’ असं सांगून भागत नाही आणि ‘भरपूर खा’ असंही सांगता येत नाही. प्रमाण बदलणं हाच तिच्यापुरता उपाय उरतो.

आपल्याकडे पाकपुस्तकांची परंपरा मोठी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 साली छापलं गेलं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 मध्ये आलं, त्यात हजार पाकक्रिया होत्या. कमलाबाई ओगले यांनी 1970च्या ‘रुचिरा’त वाटी आणि चमचा ही घरातलीच मापं धरून लिहिलं आणि नव्याने संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींना स्वयंपाक शिकवला. या पुस्तकांचं ऋण मानूनच एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: मापं आली ती पदार्थापुरती. चार माणसांच्या बटाट्याच्या भाजीला तेल किती, हे पुस्तक सांगतं. पण त्या चार माणसांच्या पोटात महिन्याभरात किती तेल जावं, हा प्रश्न पाकपुस्तकाच्या कक्षेत येत नव्हता. अंगमेहनत होती, तळणं सणावारी होतं, त्यामुळे तो विचारायची वेळही फारशी येत नव्हती.

ताटही तेच राहिलं नाही. घाटावरच्या कितीतरी घरांत रोजची भाकरी असे आणि पोळी सणाला. सोलापूर, नगर, मराठवाड्यात ज्वारी; कोकणात तांदूळ आणि नाचणी; खानदेशात कळण्याची भाकरी. हरितक्रांतीनंतर गहू मुबलक झाला, रेशनवर मिळू लागला आणि पोळी रोजची झाली. तांदूळही हातसडीचा राहिला नाही, गिरणीतून पांढराशुभ्र होऊन येऊ लागला. तांदळाचा कोंडा काढून टाकण्याची किंमत काय असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन यांना कोंबड्यांवरून दिसलं होतं. कोंडा काढलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत आणि कोंडा दिला की त्या सुधारत. बेरीबेरी या रोगाचं मूळ त्यातून उलगडलं. याच रोगाच्या शोधासाठी रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी 1918 साली कुन्नूरला एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. पुढे ती हैदराबादला गेली आणि तिचीच राष्ट्रीय पोषण संस्था झाली. भारतीयांनी काय खावं याचा हिशेब मांडणारी ही आपल्या देशातली सर्वांत जुनी पेढी.

या संस्थेने 2024च्या मे महिन्यात भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं प्रसिद्ध केली. 2000 कॅलरींच्या दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं (सामिष खाणाऱ्यांना त्यातच अंडी-मासे) 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा 35 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम असा तो साधारण हिशेब आहे. कागदावर हे आकडे निरुपद्रवी दिसतात. चौघांच्या घराला लावून पाहिले की धक्का बसतो. चौघांना मिळून दिवसाला भाजी होते एक किलो 600 ग्रॅम. आपण पाव किलो भेंडी आणतो, ती चिरून परतली की आक्रसते आणि चौघांच्या ताटात चमचा-चमचा येते. तिच्या आधाराने तीन-तीन पोळ्या संपतात. डाळी-कडधान्यं चौघांना मिळून 340 ग्रॅम व्हायला हवीत. आपण मूठभर तूरडाळ शिजवतो आणि त्यात पाणी वाढवून दोन्ही वेळची आमटी काढतो. धान्य मात्र कुणी न सांगता ठरलेल्यापेक्षा जास्त होतं: सकाळी पोहे, दुपारी पोळी, मग भात, रात्री पुन्हा पोळी-भात.

या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं तेल, मीठ आणि साखर यांची आहेत. मी मुद्दाम पाककृतींपासून सुरुवात केलेली नाही, किराण्याच्या यादीपासून केली आहे. ताटातलं मोजणं जिकिरीचं असतं. डबा किती दिवस पुरला हे मोजणं सोपं. लिटरभर तेलाचं वजन भरतं साधारण 910 ग्रॅम. माणशी 27 ग्रॅम धरले तर पाच लिटरचा डबा चौघांना सहा आठवडे पुरला पाहिजे, तोही घरात तूप-लोणी अजिबात नसेल तर. तो महिन्यातच संपत असेल तर माणशी 38 ग्रॅम तेल पोटात जातंय. आमच्याकडे डब्यावर मार्करने उघडल्याची तारीख लिहितात. भाषणं देण्यापेक्षा त्या तारखेचा उपयोग जास्त होतो, कारण ती सगळ्यांना दिसते आणि ती कुणाला बोलत नाही.

मग तेल जातं कुठे? भज्यांकडे आणि पुऱ्यांकडे बोट दाखवलं जातं, पण ती रोज नसतात. रोज असते ती घडीची पोळी. घडीत आणि वरून मिळून अर्धा चमचा तेल लागतं असं धरा. दिवसाला सहा पोळ्या म्हणजे तीन चमचे, साडेतेरा ग्रॅम. दिवसाचा निम्मा कोटा भाजी फोडणीला पडण्याआधीच संपला. म्हणून रोज फुलका किंवा भाकरी आणि रविवारी घडीची पोळी, एवढा एक बदल वर्षाकाठी कित्येक लिटर तेल वाचवतो.

दुसरी जागा फोडणीची. बाटलीतून थेट रुंद कढईत तेल ओतलं की ते तळाला पसरतं, पातळ थर होतो, मोहरी कोरडी राहते आणि हात आणखी ओततो. तेच तेल लहान लोखंडी कढल्यात घेतलं तर खोल राहतं. दोन चमच्यांत मोहरी बुडते, तडतडते, हिंग-हळद जळत नाहीत आणि ही फोडणी वरून ओतली की वास सगळ्या घरात जातो. आमटीला आणि कोशिंबिरीला ही युक्ती चालतेच, पण वाफेवर शिजवलेल्या कोबीला किंवा दुधी भोपळ्यालाही चालते. तेल कमी केल्याचं जेवणाऱ्याला जिभेवर कळत नाही, डोळ्यांना कळतं, कारण तवंग दिसत नाही. ‘आज फोडणी विसरलीस का गं?’ हा प्रश्न त्यामुळेच येतो. त्याला वाद घालून उत्तर देऊ नये. कढीपत्ता दुप्पट घालावा, लसूण ठेचून घालावी, कोथिंबीर सढळ हाताने पेरावी. महिन्याभरात प्रश्न थांबतो आणि मग हॉटेलातली भाजी तेलकट लागायला लागते.

मिठाचा हिशेब याहून सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते. चौघांना किलोभराचा पुडा 50 दिवस जायला हवा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठ धरलेलंच नाही. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ कारखान्यातल्या अन्नातून येतं. आपल्याकडे त्याचा मोठा वाटा अजून घरच्या कढईतूनच येतो. म्हणजे सूत्रं आपल्या हातात आहेत. मीठ एकदम कमी केलं तर बंड होतं. दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी केलं तर जीभ नव्या चवीला रुळते. लिंबू, आमसूल, चिंच, कैरी या आपल्याच आंबटांनी अर्धी लढाई जिंकता येते. सैंधवाने मात्र काही साधत नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच, आणि बहुतेक वेळा त्यात आयोडीन घातलेलं नसतं.

साखरेचं बोलायचं तर गोडाधोडापेक्षा चहाकडे बघावं. वरून घातलेल्या साखरेची इष्ट मर्यादा दिवसाला साधारण 25 ग्रॅम, म्हणजे सहा सपाट चमचे. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की ती संपली. बिस्किट, जॅम, शीतपेय यांच्या वाट्याला काही उरत नाही. गुळाला यातून सवलत नाही. गुळाची चव वेगळी आहे, पुरणपोळीत त्याला पर्याय नाही. पण साखरेच्या जागी गूळ घालून दुप्पट खाल्लं तर रक्तातली साखर फसत नाही. तोच न्याय उपासाचा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यावर तेल, बटाटा आणि दाण्याचं कूट चढलं की ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण हिशेबानेही खरी ठरते. वरीचे तांदूळ, राजगिरा, ताक, रताळं आणि फळं यांवर उपास अधिक चांगला निभतो.

पुढचा, आणि मोठा, भाग मात्र काय वाढवायचं याचा आहे. घरातल्या माणसांना सतत ‘हे नको, ते नको’ ऐकवलं की ती बाहेर जाऊन खातात. म्हणून मी नकाराची यादी आखूड ठेवली आहे. आपल्या पारंपरिक ताटात कोशिंबीर डाव्या बाजूला, चटणी-लिंबाच्या शेजारी, चमचाभर वाढतात. तिला उजवीकडे आणा आणि वाटीभर वाढा. काकडी, गाजर, मुळा, बीट, टोमॅटो, कोबी; त्यात भिजवलेली मुगाची डाळ किंवा मोड आलेले मूग घातले की कोशिंबीर पोटभरीची होते. आमटी पळीवाढी करा, भात तिच्यापुरता घ्या. आठवड्यातून चार दिवस मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाल यांची उसळ असू द्या. मोड आणायला कष्ट नाहीत, फक्त आदल्या दिवशी आठवण लागते. मोड आले की कडधान्यातली, लोह अडवून धरणारी फायटेट्स कमी होतात आणि क जीवनसत्त्व वाढतं. मासे खाणाऱ्यांना तर बांगडा आणि तारली हे स्वस्त आणि उत्तम मासे आहेत. ते सुरमईपेक्षा कमी प्रतिष्ठेचे मानले जातात, एवढाच त्यांचा दोष. तेही तळण्याऐवजी तिखलं किंवा कालवण करून खावेत.

रक्तक्षयाच्या प्रश्नाला ताटातलंच एक उत्तर आहे आणि ते फुकट आहे. पालेभाजी आणि कडधान्यांतलं लोह शरीर सहजी घेत नाही. सोबत लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो असं काही आंबट-ताजं असेल तर बरंच अधिक घेतं. उलट, जेवणाला लागून चहा घेतला तर त्यातले टॅनिन लोहाला अडवतात. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली रीत म्हणूनच शहाणपणाची, आणि त्याच पोह्यांबरोबर चहाचा कप घ्यायची रीत तिच्या मुळावर येणारी. चहा तासाभराने घ्या, एवढंच. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सकाळच्या आंबिलीला किंवा आठवड्यातल्या दोन भाकऱ्यांना तिला जागा द्यावी. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. त्या निमित्ताने ज्वारी-बाजरी-नाचणीची बिस्किटं, नूडल्स आणि कुरकुरीत तळलेले प्रकार दुकानांत आले. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ‘नाचणी’ असतं. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तिथे पहिलं नाव मैद्याचं असेल तर पाकीट परत ठेवावं.

मधल्या वेळच्या खाण्याला मी स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कारण दोन्ही जेवणं नीट असूनही घराचा हिशेब बिघडतो तो संध्याकाळी पाच ते आठमध्ये. शाळेतून मूल येतं, कचेरीतून माणसं येतात आणि हाताला लागतं ते फरसाण, खारी, वेफर्स. त्या वेळी ओट्यावर उकडलेले चणे, फुटाणे-दाणे, केळी, पेरू, काकडीच्या फोडी समोर दिसल्या तर त्या खाल्ल्या जातात. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं; पण ते मूठभर खाण्याजोगं तेल आहे, वाडगाभर नव्हे. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर गेला की त्याचा खप घटतो. वयात येणाऱ्या मुलांनाही यापुढे उपदेश करावा लागत नाही.

आता एक गोष्ट जी आहारतज्ज्ञांच्या तक्त्यांत सहसा नसते. भाजी चौपट करा, उसळी भिजवा, पालेभाजी निवडा, भाकरी थापा, हे सगळं सांगायला सोपं आहे, करणार कोण? केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात आणि पुरुष 88 मिनिटं. या तफावतीवर आणखी तासभराचं ‘आरोग्यदायी’ काम चढवलं तर घर निरोगी होईल आणि एक बाई आजारी पडेल. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक आठवड्याच्या आराखड्यात कामाची वाटणी लिहिली आहे. मेथी निवडणं, लसूण सोलणं, कडधान्य भिजत घालणं, कोशिंबीर चिरणं आणि भाजीबाजार यांतलं एकही काम बायकांचं म्हणून लिहिलेलं नाही. ज्याने लाल माठाची जुडी निवडली आहे तो ती पानात टाकत नाही, असा माझा अनुभव आहे. आणखी एक: ज्या घरात बाई शेवटी बसते त्या घरात कोशिंबीर आणि उसळ तिच्यापर्यंत पोहोचत नाही, उरतो तो भात आणि आमटीचं पाणी. सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं हा पोषणाचाच भाग समजावा.

या पुस्तकात काय नाही तेही सांगते. वजन झटपट उतरवण्याच्या योजना नाहीत, चूर्णं नाहीत, कुठलंही एक जादूचं बी नाही. सणाच्या स्वयंपाकाला हात लावलेला नाही. होळीची पुरणपोळी तुपासकट खावी, गणपतीत मोदक मोजू नयेत. वर्षाचे मोजके सण कुणाला आजारी पाडत नाहीत. उरलेले दिवस पाडतात. वाढत्या वयाच्या मुलांचं तूप-दूध या हिशेबाच्या नावाखाली तोडू नये आणि दातांमुळे कमी खाणाऱ्या आजी-आजोबांना मऊ खिचडी, अंडं, दही, मुगाचं वरण यांतून प्रथिनं पोचतील याकडे लक्ष द्यावं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, घरात गर्भवती असेल, तर बदल डॉक्टरांना विचारून करावेत. ‘कमी सोडियमचं’ म्हणून विकलं जाणारं मीठ तर मूत्रपिंडाच्या रुग्णाला परस्पर देऊच नये. त्यात पोटॅशियम असतं आणि ते अशा रुग्णाला घातक ठरू शकतं.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. मात्र सगळे बदल एकाच सोमवारी करू नका, महिन्याला एक करा. पहिल्या महिन्यात फक्त तेलाच्या डब्यावर तारीख घाला आणि बाकी काही बदलू नका. आपण कुठे उभे आहोत ते कळलं की पुढचं पाऊल घरातलं कुणीही सुचवेल. दुसऱ्या महिन्यात कोशिंबिरीची वाटी, तिसऱ्यात उसळी. वर्षाअखेरीस घरातल्या सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. आणि या काळात स्वयंपाकघरात दुसरं पातेलं चढलं नाही ना, एवढं बघा.